नाशिकचा रेडिओ: टॉवरच्या आधी आणि टॉवरनंतर

पंचवटीकर (धागाकर्ता)

गंगापूर रोडला जायचं तर रिक्षावाल्याला 'आकाशवाणी टॉवर' एवढंच सांगायचं, तो बरोबर आणून सोडतो. तिथं भाजी घेणाऱ्या, क्लासला जाणाऱ्या, फ्लॅट बघायला आलेल्या सगळ्यांना हा पत्ता तोंडपाठ आहे. पण नाशिक आकाशवाणी १०१.४ मेगाहर्ट्झवर ऐकू येते, हे त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल याची मला शंकाच आहे.

परवा कट्ट्यावर यावरून जुंपली. एक मित्र म्हणाला, "नाशिकला कसला आलाय रेडिओचा इतिहास? मुंबई-पुण्याचं ऐकत होतो, मग एफएम आलं, मग मोबाइल आला. खलास." मला हे काही पटलं नाही. नाशिकचं केंद्र वेगळं आणि नाशिकचा रेडिओ वेगळा. केंद्र उशिरा आलं, रेडिओ नाही.

थोडी पार्श्वभूमी देतो. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, तेही एका खासगी कंपनीचं. तीन वर्षांत कंपनीचं दिवाळं वाजलं आणि सरकारला ते चालवायला घ्यावं लागलं. १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडलं. पुढे नागपूर १९४८, पुणे १९५३, सांगली १९६३, परभणी १९६८, जळगाव १९७६. या यादीत आपण कुठंच नाही. शेजारच्या जळगावला केंद्र झालं आणि आपल्याला नाही, यावरून आमचे अण्णा बरीच वर्षं धुसफुसत होते. मुंबईची आणि पुण्याची मध्यम लहर (मीडियम वेव्ह) इथवर येत होती, तेव्हा नाशिकची घाई कुणाला असणार?

मग १९८४ ला तमिळनाडूत नागरकोइलला देशातलं पहिलं स्थानिक केंद्र निघालं. एका जिल्ह्यापुरतं केंद्र, तिथल्याच माणसांचे आवाज, तिथलेच प्रश्न, अशी ती कल्पना. त्या धर्तीवर महाराष्ट्रात नगर, धुळे, बीड, सातारा, कोल्हापूर अशी केंद्रं झाली आणि नाशिकही झालं. आपल्याला एफएम मिळालं. त्याचे फायदेतोटे दोन्ही आहेत, त्यावर जाणकारांनी लिहावं.

आठवणी, कात्रणं, कॅसेटी, जे असेल ते इथं टाका. एकच विनंती: 'कुठं ते जुने निवेदक आणि कुठं हे आरजे' हे दळण इथं नको. त्यासाठी वेगळा धागा काढा.

तारवाला

बोलावलंत, आलो. आमचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. आता त्याच गाळ्यात मोबाइलची कव्हरं लटकतात, पण मागच्या फळीवर अजून चार व्हॉल्व्हचे सेट आहेत आणि त्यातले दोन बोलतात.

मुंबई 'ब', म्हणजे नंतरची अस्मिता वाहिनी, ५५८ किलोहर्ट्झ. पुणे ७९२. जळगाव ९६३. हे आकडे नाशकातल्या जुन्या माणसांना पाढ्यासारखे पाठ होते असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आकडे आम्हाला पाठ. गिऱ्हाईक काचेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवायचं. एक ठिपका मुंबईचा, एक पुण्याचा. सेट दुरुस्तीला आला की काच पुसताना तो ठिपका गेला तर घरच्या बाईंचं ऐकून घ्यावं लागे: "काटा कुठं लावायचा आता?"

एरियल म्हणजे तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी. वाड्याच्या कौलांवर दोन बांबू, मधे पट्टी ताणलेली, दोन्ही टोकांना चिनी मातीच्या गोट्या. पण खरी गंमत अर्थिंगच्या तारेची. ती पुरायची कुठं? जुन्या नाशकातल्या वाड्यांत याचं उत्तर ठरलेलं: तुळशीवृंदावनात. रोज सकाळी पाणी पडतं, माती कायम ओली, ओल्या मातीत अर्थिंग चांगलं लागतं आणि खरखर कमी होते. माउलीला मात्र देवाच्या मातीत तार खुपसलेली आवडत नसे. मग आम्ही ती मागच्या अंगानं न्यायचो आणि वर शेवंतीचं रोप लावायला सांगायचो.

रात्री कारभार बदलायचा. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून चालते, रात्री वरच्या थरांवरून परतून शेकडो मैलांवर उतरते. त्यामुळे रात्री पुण्याच्या ठिपक्यावर भलत्याच भाषेत भजन लागलं तरी सेट बिघडलेला नसायचा. हे समजावून सांगण्यातच आमची निम्मी संध्याकाळ जायची.

आणि श्रीलंकेचं रेडिओ सिलोन राहिलंच. १९५२ नंतर नभोवाणीमंत्री केसकरांनी सिनेगीतांवर कात्री चालवली, तसा देश शॉर्टवेव्हकडे वळला. २५, ३१, ४१ मीटर. नाशिकही वळलं. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती निघाली ती ही गळती थांबवायलाच. केसकर मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा अभिमानी, आणि त्याच्यामुळं कोलंबोच्या केंद्राला मराठी घरांत गिऱ्हाईक मिळालं. यापेक्षा मोठा विनोद मला रेडिओच्या इतिहासात सापडलेला नाही.

जेलरोडकर

वाखूसा! (वाचनखूण साठवली.)

आमच्या घरातल्या दोन पिढ्या नाशिकरोडला प्रेसमध्ये. आजोबा पाळी संपवून आले की मुंबईची 'कामगार सभा'. घरात चहा आणि रेडिओ एकदमच चालू व्हायचा. 'कामगार सभा' आहे तर आपल्यासाठीच आहे, अशी त्यांची ठाम समजूत. मालक लोकांनी ऐकलं तर चालतं का, असं मी लहानपणी विचारलं होतं. "ऐकू दे, सुधारतील," म्हणाले.

उगाच_एक

कुणीतरी दुसऱ्या धाग्यावर रेडिओला लायसन्स लागायचं असं लिहिलंय. खरंच? का फेकाफेकी?

जेलरोडकर

फेकाफेकी नाही हो. १९३३ च्या कायद्याप्रमाणे बिनपरवाना रेडिओ बाळगणं गुन्हा होता. पोस्टात जायचं, वर्षाचे पैसे भरायचे, पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात हे सगळं बंद झालं. आजोबांची पुस्तिका आमच्याकडे आहे. पासबुकाएवढी. सेट कधीच भंगारात गेला पण लायसन्स जपून ठेवलंय, कारण आजोबांचा सरकारवर विश्वास नव्हता. उद्या मागतील म्हणायचे.

निफाडकर

पंचवटीकर, 'केंद्र उशिरा आलं, रेडिओ नाही' याला माझ्याकडून भक्कम पुरावा घ्या. लांबण लागेल, पण वाचा.

१९५६ साल. पुणे केंद्राला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं तिथून एक प्रयोग केला: शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं. कॅनडात शेतकऱ्यांसाठी असा उपक्रम चालत होता, त्यावरून हे सुचलं. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच जिल्हे निवडले: पुणे, नगर, उत्तर सातारा, कोल्हापूर आणि आपलं नाशिक. पाच जिल्ह्यांत मिळून दीडशेच्या आसपास गावं.

प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ. त्यात एक अध्यक्ष, एक चिटणीस. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. फेब्रुवारीत सुरू झाला, एप्रिलअखेर संपला, एकूण वीस कार्यक्रम. शेतीवाडी जाणणाऱ्यांना हे महिने कळतील. गहू-हरभरा काढणीचे, खळ्यावरचे दिवस. दिवसभर राबून माणसं संध्याकाळी शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जमायची. बहुतेक गावांत वीज नव्हती, सेट बॅटरीवरचे.

आता यातलं खरं महत्त्वाचं. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि त्याच विषयावर आपसांत बोलायचं. मंडळाचा शिरस्ताच तसा: ऐका, चर्चा करा, कृती करा. चिटणीसानं चर्चेचा गोषवारा कागदावर उतरवायचा, न सुटलेले प्रश्न पुण्याला पाठवायचे, आणि पुढं त्या प्रश्नांची उत्तरं रेडिओवरून यायची. म्हणजे आपल्या जिल्ह्यातला माणूस १९५६ मध्ये रेडिओला प्रश्न विचारत होता आणि रेडिओ त्याला उत्तर देत होता. पोस्टकार्डाच्या वेगानं, पण देत होता.

याचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं. पॉल न्यूराथ नावाचे मूळ ऑस्ट्रियाचे समाजशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख. त्यांनी नुसती मंडळाची गावं पाहिली नाहीत. रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं घेतली, आणि रेडिओच नाही अशीही घेतली. आधी आणि नंतर लोकांना काय माहीत आहे ते विचारलं. मंडळं असलेल्या गावांत माहिती भरपूर वाढली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फार काही हललं नव्हतं. खोका तोच, आवाज तोच, पण जिथं माणसं त्यावर बोलली तिथंच फरक पडला. हा अभ्यास पुढं जगभर संदर्भाला घेतला गेला आणि १९५९ पासून ही मंडळं देशभर काढली गेली.

आता माझं मत. आमच्या गावात आज द्राक्षबागायतदारांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. पानावर डाऊनी (बुरशीचा रोग) दिसली की फोटो टाकतात, कुणी औषध सुचवतं, दुसरा म्हणतो पाऊस आहे, थांब, तिसरा दोघांनाही वेड्यात काढतो. १९५६ च्या मंडळांचे वारसदार मला तरी हेच वाटतात. रेडिओ ती जागा कधीच सोडून बसला.

खवचट_मावशी

निफाडकर भाऊ, माहिती झकास. एक शंका. त्या वीसजणांत बायका किती?

निफाडकर

ताई, जवळजवळ नाहीतच. पुरुषांचीच मंडळं होती ती.

खवचट_मावशी

वाटलंच. निंदणी-खुरपणी, पेरणीला मागं सरत्यावर चालणं, कांद्याची लागण, सगळं बायकांच्या हातचं, आणि शेतीची चर्चा ओट्यावर पुरुषांची. आमच्यासाठी 'वनिता मंडळ' होतं म्हणा. ते लागायचं दुपारी, तेव्हा आमच्याकडच्या वनिता रानात असायच्या.

रेडिओनं आमच्या आईला काही दिलं नाही असं मात्र नाही. जात्यावरच्या ओव्या रेडिओवर म्हणतात हे कळल्यावर तिला इतकं आश्चर्य वाटलं होतं. "यात काय ऐकायचं? हे तर कुणालाही येतं," म्हणाली. मग पुढं आठवडाभर दळताना जरा मोठ्यानं गायची.

नैमित्तिक

बरेच दिवस वाचनमात्र होते, हा धागा बघून लॉगिन केलं. मी आकाशवाणीच्या एका केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक होते. केंद्राचं नाव घेत नाही. आत काय चालतं त्याची कल्पना यावी म्हणून लिहिते.

नैमित्तिक म्हणजे महिन्याला सहा ड्युट्यांच्या वर नाही. नोकरीवर हक्क सांगू नये म्हणून हा नियम. त्यामुळे तुम्ही ज्यांचा आवाज घरच्यासारखा ओळखता, त्यातले कितीतरी जण एरवी शाळेत शिकवतात, बँकेत असतात, शिकवण्या घेतात. आवाजाची चाचणी होते, लेखी होते, मग 'वाणी'चं प्रशिक्षण. त्यात पहिले दोन दिवस तुमचा 'रेडिओचा आवाज' काढून टाकण्यात जातात.

ड्युटीवर गेलं की हातात क्यू शीट. कुठल्या मिनिटाला काय, ते त्यावर. स्थानिक कार्यक्रम आपला, आणि मधे मधे मुंबई, पुणे, दिल्लीचं सहक्षेपण, म्हणजे त्यांचा कार्यक्रम आपल्याकडून तसाच लावायचा. खरी कसोटी त्या सांध्यावर. गाणं संपलं, बातम्यांना चाळीस सेकंद आहेत. चाळीस सेकंद म्हणजे किती मोठे असतात हे माइकपुढं बसल्याशिवाय कळत नाही. वेळ सांगायची, पुढचा कार्यक्रम सांगायचा, हवामानाची ओळ टाकायची, आणि बरोबर ठोक्याला फेडर (आवाजाची सरकती कळ) खाली घेऊन दुसरा वर करायचा. एक सेकंद उशीर झाला तर दिल्लीच्या निवेदिकेचं 'ये आकाशवाणी है' मधलं 'ये' कापलं जातं. नंतर लॉगबुकात त्याची नोंद होते आणि ड्युटी ऑफिसर चष्म्यावरून बघतात.

स्थानिक केंद्राचं खरं काम मला कळलं ते गावांच्या नावांत. मुंबईहून वाचणारा माणूस 'पिंपळगाव बसवंत' नीट म्हणेल. पण नांदूरमध्यमेश्वर एका दमात म्हणणं, चांदवड आणि चांदोरी यांत घोळ न करणं, सुकेणे मौजे की कसबे ते सांगणं, हे जिल्ह्यातल्याच माणसाला जमतं. फोन-इन कार्यक्रमात तर हमखास. पलीकडचे आजोबा गावाचं नाव सांगतात, आपण म्हणायचं, "म्हणजे वणीच्या अलीकडचं ना?" संपलं. मग ते गाण्याची फर्माईश विसरून द्राक्षाचा भाव, नातवाची सोयरीक, सगळं सांगतात आणि आपली नजर घड्याळावर.

पंचवटीकर

नैमित्तिक ताई, अजून लिहा की. हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

सुरगाण्याची_लेक

सगळं छान चाललंय, पण 'जिल्ह्याचं केंद्र' म्हणताय म्हणून विचारते, जिल्हा म्हणजे नक्की कुठपर्यंत? आमच्याकडे माहेरी १०१.४ लावलं की नुसती खर्रर. गुजरातचं आहवा केंद्र मात्र लागतं. आमचे मामा डांग भागातली गाणी तिथूनच ऐकायचे. सीमेच्या दोन्ही अंगांना नातीगोती, बोली जवळची, त्यामुळे परकं कधी वाटलं नाही. पण बाजारभाव, शाळा, एसटी, तहसील, सगळं आमचं नाशिकशी बांधलेलं, आणि आवाज तेवढा डांगातून.

तारवाला

ताई, यात कुणाचा आळस नाही, लहरीचा स्वभाव आहे. धागाकर्त्यांनी फायदेतोटे विचारलेच होते, इथं लिहितो.

५५८ किलोहर्ट्झची लहर अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. ती डोंगराला वळसा घालून, जमिनीला धरून पुढं जाते. १०१.४ मेगाहर्ट्झची लहर जेमतेम तीन मीटरची. ती सरळ रेषेत जाते आणि डोंगर आडवा आला की थांबते. आवाज काचेसारखा स्वच्छ, खरखर नाही, विजांचा त्रास नाही. पण टॉवरवरून जे 'दिसतं' तिथंच तो पोचतो. निफाड, सिन्नरकडं सपाटी, तिकडं मजेत ऐका. त्र्यंबकला ब्रह्मगिरी आणि अंजनेरीच्या आडोशाला गेलात की कमी-जास्त. पेठ, हरसूल, सुरगाणा म्हणजे डोंगरामागं डोंगर.

पूर्वी मुंबईची मध्यम लहर तिथं खरखरत का होईना पण पोचायची. आता देशभर मध्यम लहरीचे जुने प्रक्षेपक एकेक करून बंद होत आहेत. त्यामुळे ज्यांना जवळचं केंद्र मिळालं नाही त्यांचं लांबचंही जातंय. न्यूज ऑन एअर अॅपवर मिळतं म्हणतात. मोबाइलला रेंज असेल तर.

सुरगाण्याची_लेक

रेंज असेल तर! :))

कॉलेजरोडचा_पोऱ्या

खासगी एफएमबद्दल कुणीच बोलेना. २००५ च्या धोरणानंतर छोट्या शहरांना खासगी एफएम मिळालं, त्यात आपल्याला मिर्ची ९८.३ आणि रेड एफएम ९३.५. आम्ही त्यावरच मोठे झालो. नाशिकची मिसळ, कॉलेज रोडची ट्रॅफिक, गंगापूर धरण किती टक्के भरलं, हे सगळं आम्ही आरजेकडून ऐकलं. आकाशवाणीवर कुणी 'काय रे भावा' म्हणालं असतं का?

गोदाकाठ

भावा, म्हणालं नसतंच. पण खासगी एफएमवर बातमी मिळते का? नाही. त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. नंतरच्या धोरणात सवलत मिळाली तीही आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची. ट्रॅफिक, हवामान, परीक्षेचे निकाल, एवढं चालतं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता. त्यानंतर खासगी आलं, मनोरंजन आलं, बातमी मात्र सरकारी कुलपातच राहिली. वर्तमानपत्राला चालतं, टीव्हीला चालतं, मोबाइलवर कुणीही काहीही बरळतो, रेडिओलाच काय ती बंदी. याचं पटेल असं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

उगाच_एक

आला, आरजे-निवेदक आला! धागाकर्ते, झाडू घ्या.

पंचवटीकर

हे निवेदकांबद्दल नाही, धोरणाबद्दल आहे. चालू द्या.

शिक्षिका_ना

तिसऱ्या प्रकारच्या रेडिओचं नाव अजून निघालं नाही म्हणून लिहिते. रेडिओ विश्वास, ९०.८. विश्वास ज्ञानप्रबोधिनी संस्थेचं सामुदायिक केंद्र, आपल्या नाशकातलंच. सामुदायिक केंद्रांना शंभर वॉटची मर्यादा असते, म्हणजे आवाका शहर आणि आसपास. २००६ पर्यंत असं केंद्र फक्त शिक्षणसंस्थांना काढता यायचं, त्यानंतर स्वयंसेवी संस्थांनाही मुभा मिळाली.

जून २०२० आठवा. शाळा बंद, ऑनलाइन वर्ग सुरू. ऑनलाइन म्हणजे कुणाचं? जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांतल्या कितीतरी घरांत एकच फोन, तोही वडील कामावर घेऊन जाणार. तेव्हा रेडिओ विश्वासनं 'शिक्षण सर्वांसाठी' सुरू केलं. तिसरी ते दहावीचे पाठ. सुमारे दीडशे शिक्षकांनी स्टुडिओत येऊन ते ध्वनिमुद्रित केले. विषयवार वेळा ठरवून दिलेल्या, त्या वेळेला लावा आणि ऐका. पन्नास-साठ हजार मुलांना त्याचा उपयोग झाला. महाराष्ट्रातल्या इतर काही सामुदायिक केंद्रांनाही हे पाठ दिले गेले. पुढं राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत याला दुसरा आणि केंद्र स्वतःच्या पायावर चालवल्याबद्दल पहिला, असे दोन पुरस्कार मिळाले.

शिक्षक म्हणून सांगते, फळ्याशिवाय शिकवणं फार अवघड. भूमितीचा 'इथून इथं रेघ काढा' रेडिओवर चालत नाही. 'बिंदू क पासून उजव्या हाताला, वहीच्या समासाशी समांतर' असं बोलायला लागतं. वर्गात परत आल्यावर माझी ती सवय गेली नाही, आणि मागच्या बाकावरच्यांना आता भूमिती जास्त कळते असं माझं निरीक्षण आहे.

निफाडकर

शिक्षिका ताई, मुलांकडून प्रश्न उलट यायचे का? माझा मुद्दा तोच आहे.

शिक्षिका_ना

माझ्या वर्गातले यायचे. फोनवर, आईच्या मोबाइलवरून, संध्याकाळी उशिरा. 'बाई, ते परत सांगा.' रेडिओ परत सांगत नाही हीच मोठी अडचण होती. मग आम्ही फोनवर सांगत बसायचो.

गोदाकाठ

पुरावर कुणी लिहिलं नाही! नाशिकच्या धाग्यावर पूर नाही म्हणजे काय!

आम्ही सराफ बाजारच्या अंगाचे. पावसाळ्यात आमचं केंद्र एकच: गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी त्याच्या कमरेला लागलं की दुकानं हलवायची तयारी, छातीला लागलं की खालचा माल वर, गळ्याशी आलं की बोलणं बंद. १९६९ च्या महापुराच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. २००८ आणि २०१६ डोळ्यांनी पाहिले.

तरी रेडिओचा उपयोग काय ते सांगतो. मारुती सांगतो पाणी किती आलंय. किती येणार ते तो सांगत नाही. गंगापूर धरणातून किती क्यूसेक सोडलं, हा आकडा कळला तर हातात थोडा वेळ मिळतो. आता तो आकडा मोबाइलवर येतो, पण त्याबरोबर चार खोटे आकडेही येतात. '२०१६ चा व्हिडिओ' आजचा म्हणून फिरतो. वीज गेली, टॉवर बसले, तर बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर अजूनही लागतो. आमच्या माळ्यावर आहे. सेल काढून ठेवलेत, नाहीतर गळतात.

आणि आता सिंहस्थ येतोय. प्रयागला २०२५ च्या कुंभात आकाशवाणीनं १०३.५ वर 'कुंभवाणी' नावाची तात्पुरती वाहिनी चालवली होती. २०२७ ला रामकुंडावर जी गर्दी होणार आहे तिचा विचार करता आपल्याकडे असं काही हवंच. गर्दीत मोबाइलचं जाळं बसतं हा सगळ्यांचा अनुभव. कुठला घाट बंद, कुठला रस्ता एकेरी, हरवलेली माणसं कुठं, एवढं मराठी-हिंदीत दिवसभर सांगत राहिलं तरी पुष्कळ.

कॉलेजरोडचा_पोऱ्या

काका, पण ऐकणार कशावर? आताच्या बऱ्याच फोनमध्ये एफएम नसतंच. असलं तरी वायरवाला इअरफोन लागतो, तोच एरियल असतो.

गोदाकाठ

घाटावर भोंगे लावा आणि त्याला जोडा. ऐकणाऱ्यानं सेट आणायचा हा हट्टच कशाला?

नैमित्तिक

गोदाकाठ यांना अनुमोदन.

बातम्यांचा विषय निघालाच आहे तर एक आठवण. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय आला होता. केवढा गदारोळ झाला आणि निर्णय थांबवावा लागला. त्या बातम्यांवर घड्याळ लावणारी, पोळ्या टाकणारी, शाळेची रिक्षा गाठणारी माणसं एका दमात जागी झाली. स्थानिक केंद्रांचे तास असेच हळूहळू सहक्षेपणाला गेले तर मात्र कुणी हलत नाही. एकदम बंद केलं की दिसतं. रोज पंधरा मिनिटं कमी केली की कुणाच्या लक्षात येत नाही.

खवचट_मावशी

धागाकर्त्यांनी कॅसेटींचं विचारलं होतं. माझ्याकडे आहेत. रेडिओवर लागलेल्या ओव्या आणि भारुडं, टेपरेकॉर्डर रेडिओपुढं ठेवून भरलेली. मधे कुकरच्या शिट्ट्या, दाराची कडी आणि 'गप्प बसा गं, भरतंय' असा आईचा आवाज. खूप वर्षं लावल्या नाहीत. एक लावून पाहू का?

तारवाला

मावशी, थांबा! लावू नका. इतकी वर्षं पडून राहिलेली टेप आतल्या आत चिकटते, एकदम लावली की मशीन ती खातं.

आधी कॅसेट उन्हात नाही, नुसती हवेशीर जागी दोन दिवस ठेवा. मग पेन्सिल घालून हातानं पूर्ण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळा आणि परत उलट. अडतंय असं वाटलं तर जोर लावू नका. पुढच्या बाजूला मधोमध टेपच्या मागं पत्र्यावर फेल्टचा चौकोनी तुकडा असतो, तो बऱ्याचदा गळून पडतो. तो नसेल तर आवाज पुटपुटल्यासारखा येतो. तो मी बसवून देईन. टेप तुटली असेल तर सेलोटेप अजिबात लावू नका, त्याचा गोंद पुढं हेडला चिकटतो. जोडायची वेगळी टेप येते, माझ्याकडे आहे.

पंचवटीकर

तारवाला काका, तुमच्याकडे डेक चालू स्थितीत आहे का? असेल तर जमणाऱ्यांनी एका रविवारी कॅसेटी घेऊन दुकानावर यावं. मी लॅपटॉप आणतो. जेलरोडकर, लायसन्सची पुस्तिका आणा, फोटो काढून धाग्यावर टाकू. नाव-पत्ता झाकून.

तारवाला

डेक आहे, बेल्ट बदलावा लागेल. पुढच्या रविवारी या, दुकान दुपारी बंद असतं. रेडिओवरून भरलेली कॅसेट म्हणजे एकाच चॅनलचा आवाज, तेव्हा मोनोतच घ्यायची, उगाच स्टिरिओ करून खरखर दुप्पट करायची नाही. हेडचा कोन प्रत्येक कॅसेटला वेगळा लावावा लागतो, कारण भरणाऱ्या मशीनचा कोन वाकडा असतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला पूर्ण नव्वद मिनिटं लागतात, तेव्हा 'पटकन होईल का' असं विचारायचं नाही. मावशी, पहिली तुमची. शिट्ट्या काढायच्या का ठेवायच्या ते येतानाच ठरवून या.

खवचट_मावशी

ठेवायच्या. विचारायचं काय त्यात.